अकरा हात

"बाबा, माझ्या डोक्यावर काय आहे?"

हा प्रश्न माझ्या सुपीक डोक्यातून निघालेला नाही. दार्लान आणि मिरेलाने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "आता फार धीट झालीयेस ना तैनारा? मग विचार. वॉकीटॉकीवर विचार, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं." आणि धीट तर मी झालेच होते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देताना माझा आवाज घशातच राहायचा. मग मार्चमध्ये मी पहिल्यांदा लाटेच्या नळीत शिरले, म्हणजे पाण्याचं छप्पर डोक्यावर, पाण्याची भिंत खांद्याला, आणि दुसऱ्या टोकाने उभीच्या उभी बाहेर आले. त्या दिवशी माझं तोंड जे सुटलं ते अजून मिटलेलं नाही. आई म्हणते, नळीत गेली ती पोरगी वेगळी आणि बाहेर आली ती वेगळी, आणि पहिली बरी होती.

तर माझ्या डोक्यावर बादली होती. लाल, दहा लिटरची, पाण्यात घालायचे रबरी सूट धुवायची. कडी हनुवटीखाली अडकवलेली. मी तळ्याच्या डाव्या कोपऱ्यात काठावर उभी होते आणि बाबा खोल बाजूच्या भिंतीवरच्या काचेच्या खोलीत बसलेले होते, जिथून ते लाटा सोडतात. चाळीस पावलं असतील मध्ये. कमीच.

कर्ण्यातून उत्तर आलं, "काय असणार? तुझी ती नेहमीची घाणेरडी टोपी. आणि वॉकीटॉकी जागेवर ठेव, ते खेळणं नाही."

काठावर सगळे लोळायला लागले. "काय उत्तर दिलं काकांनी!" दार्लान म्हणाला. "तुझ्या वरताण निघाले!" मिरेला तर हसता हसता सर्फिंगच्या फळीवरून पाण्यात पडली. मीही हसले. बादलीत माझं हसू मलाच घुमून ऐकू आलं.

मग मी बादली काढली आणि काचेकडे पाहिलं. बाबा थट्टा करतात तेव्हा आधी खोकतात. नेहमी. लग्नातसुद्धा पाद्रीबाबांना काहीतरी टोमणा मारण्याआधी खोकले होते म्हणे. आज ते खोकले नव्हते. मी त्यांच्या डाव्या हाताला होते आणि ते समोर तोंड करून बसले होते, गंभीर, आणि माझ्या डोक्यावर त्यांना टोपी दिसली होती, कारण माझ्या डोक्यावर नेहमी टोपी असते.

मी बादली परत भिंतीशी नेऊन ठेवली.

*

आमच्याकडे समुद्र नाही. लाल माती, उसाचे ट्रक आणि हे यंत्राने लाटा उठवणारं तळं. फाटकाच्या आत बंगले आहेत, त्यांचे मालक शनिवार-रविवारी साओ पाउलोहून येतात, काही तर हेलिकॉप्टरने, आणि लाटांवर खेळून जातात. सोमवारी तळं बंद. सोमवार यंत्र तपासायचा दिवस आणि म्हणून आमचा दिवस. हा नियम बाबांनी घालून दिला. त्यांनी मॅनेजर सोलांजेबाईंना सहा वर्षांपूर्वी पटवून दिलं की रिकाम्या लाटेवरून यंत्राचं काही कळत नाही, तिच्यावर कोणीतरी उभं पाहिजे. तेव्हापासून माळ्यांची, स्वयंपाकिणींची, पहारेकऱ्यांची मुलं दर सोमवारी शाळा सुटली की यंत्र 'तपासायला' येतात. बाबा पूर्वी ऊसतोडणीचं यंत्र चालवायचे. समुद्र त्यांनी दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा म्हणाले, "छान आहे, पण वेळेवर येत नाही."

बाबांच्या लाटा वेळेवर येतात. एका फेरीत चौदा, दर आठ सेकंदांनी एक. आम्ही सगळे मनात मोजत असतो, झोपेतही मोजतो बहुतेक. आणि चौदा लाटा होईपर्यंत बाबा कर्ण्यावरून शिव्या देत असतात. "ए, गुडघे आहेत की खांब?" "दार्लान, तू सर्फिंग करतोयस की बस पकडतोयस?" शिवी मिळाली की समजायचं, काकांचं आपल्याकडे लक्ष आहे.

आणि काही अडलं, कोणी पडलं, फळी लागली, तर हात वर करायचा. बस. हात वर दिसला की बाबा पुढची लाट सोडत नाहीत. भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल बटणं आहेत, प्लास्टिकच्या झाकणाखाली, पण त्यांना आम्ही 'मगर' म्हणतो आणि मगरीच्या तोंडात कोणी बोट घालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याने घातलं होतं. टाक्यांमधली सगळी हवा एकदम सुटली, यंत्र पुन्हा भरायला दिवस गेला, राजधानीतून इंजिनीयर आले, अहवाल झाले आणि चार महिने आमचे सोमवार बंद. तेव्हापासून बाबा प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. "मगरीला हात लावायचा नाही. हात वर करायचा. मी बघतोय."

मी बघतोय. सहा वर्षांत एकालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

बादलीची गंमत मुळात कशावरून सुटली, तर दार्लानने एक गोष्ट पकडली होती. "काकांनी महिनाभर डाव्या बाजूच्या कोणाला शिवीच दिलेली नाही. उजवीकडच्यांना किलोने मिळतात. तुझा बाप आमच्यावर रुसलाय का?" मिरेला म्हणाली, "मी मागच्या सोमवारी अख्खी लाट नाकात बोट घालून काढली. काही बोलले नाहीत." त्यावरून पैज लागली.

त्यांच्यासाठी ती गंमत होती. माझ्यासाठी तीन आठवडे ती गंमत नव्हती.

घरी मी बघायला लागले. मीठ डावीकडे ठेवलं की बाबा म्हणायचे, मीठ कुठंय. डाव्या हाताला ठेवलेला कॉफीचा पेला दोनदा सांडला आणि दोन्ही वेळा दोष मांजरीवर ढकलला. मोटारसायकल दोन महिने अंगणात उभी होती. "पेट्रोल काय कमी महाग झालंय," असं म्हणत ते बसने जायचे आणि बस आली की मला विचारायचे, "हीच ना गं?" ती हीच असायची, दुसरी बस आमच्या रस्त्याला येतच नाही. पण तरी विचारायचे.

मी कोणाला सांगितलं नाही. का, ते मी खरं लिहिते. एक, मला वाटत होतं मी चुकतेय. दोन, मला चुकायचंच होतं. तीन, गावात मी 'लाटवाल्या वाल्देसीरची पोरगी' आहे आणि मला ते फार आवडतं. आणि चार, सोमवार. बाबा त्या खोलीत नसतील तर सोमवारही नाही. मला नुकतीच कुठे नळी सापडली होती.

पण भीती सांगितली नाही म्हणून गप्प बसत नाही. त्या तीन आठवड्यांत पाण्यात उतरले की माझी पाठ जागी व्हायची. आठ सेकंद, लाट. आठ सेकंद, लाट. पाठीमागे काचेच्या खोलीत माझे बाबा, आणि त्यांच्या अर्ध्या नजरेत कोणीच नाही, हे फक्त मला ठाऊक. मी गुपचूप उजवीकडच्याच लाटा घ्यायला लागले. मिरेलालाही म्हटलं, "उजवीकडे ये ना. इकडे मस्त येतायत."

"आणि डावी तुझ्या आत्याला देऊ?" ती म्हणाली.

मिरेला उलट्या पायाची आहे. उजवा पाय पुढे टाकून उभी राहते, म्हणून डावीकडची लाट तिला तोंडासमोर येते आणि उजवीकडची पाठीमागून. ती जन्मभर डावीकडेच जाणार. मला हे माहीत होतं. तरी मी तिला एकदाच म्हटलं, आणि पुन्हा म्हटलं नाही.

*

जूनमधला सोमवार होता, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा. थंडी अशी की सूट घालताना दात वाजत होते. शनिवारी शाळेत सांत जोआंवची जत्रा झालेली, मिरेलाच्या केसांत अजून कागदाचे तुकडे अडकले होते, आणि तिने येताना केळीच्या पानातली गोड मक्याची पामोन्या आणली होती. एक मला, एक दार्लानला, एक बाबांना. "काका खूश झाले की जरा मोठ्या लाटा सोडतात," ती म्हणाली. ती वर जिना चढून काचेच्या खोलीत देऊनही आली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ठेव तिथे. मी त्यांच्या हातासमोर धरली होती गं, तरी म्हणतात ठेव तिथे. तुझे बाबा मोठे साहेब झाले."

"कुठल्या बाजूला धरली होतीस?"

"म्हणजे?"

"काही नाही."

दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा मी डाव्या काठावर अंग पुसत होते. वॉकीटॉकीचा हूक रिकामा होता. बादलीच्या गमतीनंतर बाबांनीच तो जप्त करून वर ठेवला होता. सोमवारी जीवरक्षक एकच असतो, सेल्सो, आणि तो उथळ बाजूला छोट्यांपाशी उभा. डाव्या कोपऱ्यावर नजर ठेवायला सोमवारी कोणी लागत नाही. काका बघतात.

तिसरी लाट मिरेलाने घेतली. सुंदर घेतली. अगदी शेवटी कोपऱ्याच्या भिंतीपाशी ती पडली, सगळेच पडतात तिथे, आणि पाणी तिला घेऊन त्या जाळीपाशी गेलं जिथून ते परत यंत्रात ओढलं जातं. मी पाहिलं आणि हसलेसुद्धा. तिच्या केसांतला एक पिवळा कागद पाण्यावर तरंगत होता.

मग ती उठली आणि परत खाली बसली. कोणीतरी पाय ओढल्यासारखी.

पायाची दोरी. फळीला बांधलेली ती दोरी जाळीच्या गजात गेली होती आणि फळी जाळीच्या एका बाजूला, मिरेला दुसऱ्या. तिने वाकून घोट्याचा पट्टा सोडायचा प्रयत्न केला. चौथी लाट आली.

लाट गेली तेव्हा तिचं डोकं वर आलं. ती खोकली. आणि तिने पट्ट्याला हात घातला नाही. तिने हात वर केला.

मीही हात वर केला.

मी हे शंभर वेळा आठवून पाहिलंय. मी विचार केलाच नाही. तिचा हात वर गेला, माझा गेला. दार्लान पाण्यात फळीवर बसला होता, त्याने पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. त्याच्या शेजारच्यांनी केले. पलीकडून सेल्सोने शिट्टी वाजवली आणि त्यानेही, भला पस्तीस वर्षांचा माणूस, प्रशिक्षण घेतलेला, पाठीमागे मगर असताना, हात वर केला. सगळं तळं हात वर करून काचेकडे तोंड करून थांबलं. देवळात थांबतात तसं.

पाचवी लाट आली.

"काका!" दार्लान ओरडला. पण टाक्यांचा आवाज असा असतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही, आणि ती काच जाड आहे.

मिरेलाचं डोकं वर आलं, पण पूर्ण नाही. तोंड आणि नाक. दोरी पीळ खाऊन आखडत चालली होती. सहावी. दार्लानने फळी टाकून तिच्याकडे उडी घेतली आणि लाटेने त्याला उचलून काठावर, माझ्या पायाशी आणून आपटलं. सातवी. माझा हात वरच. खांदा दुखायला लागला होता. कर्ण्यातून बाबांचा आवाज आला आणि माझ्या जिवात जीव आला, आता थांबवणार, आता, आणि बाबा म्हणाले, "ए उजवीकडच्या बारक्या, पाय जवळ घे की, पडतोस ना मग!"

आठवी.

त्या वेळी मला बादली आठवली. आणि एकदम माझा हात मला दिसला, माझाच, वर केलेला, थंडीने जांभळा पडलेला. तो मी कोणाला दाखवत होते? मला ठाऊक होतं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत मला एकटीला ठाऊक होतं की हा हात तिथे दिसत नाही. आणि मी चार लाटा तो वर धरून उभी होते.

मी पळाले. चारच पावलं होती, ओल्या फरशीवर एकदा पडले. मगरीचं झाकण दोन वर्षांच्या लाल मातीने घट्ट बसलेलं. उघडेना. नववी लाट माझ्या मागून गेली, मला बघायची हिंमत नव्हती. नख मुळापासून उलटलं तेव्हा झाकण निघालं. मी तळहाताने मारलं, एकदा नाही, मारतच राहिले.

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीच्या आत काहीतरी फुटल्यासारखा फुत्कार झाला, जगातल्या सगळ्या बसनी एकदम ब्रेक दाबावेत तसा, आणि जमीन हलली. अर्धी उठलेली दहावी लाट जागच्या जागी बसली. पाणी एकदा इकडे एकदा तिकडे झुकलं आणि सपाट झालं. एवढं शांत पाणी मी त्या तळ्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली. कारण त्यावर फक्त पिवळा कागद होता.

मग दार्लान आणि सेल्सो पाण्याखाली गेले आणि वर आले, आणि त्यांच्यामध्ये मिरेला होती.

सेल्सोने तिला पाठीवर निजवलं, छाती दाबली. मी मोजत होते. आठपर्यंत. पुन्हा एकपासून आठपर्यंत. तिसऱ्या आठाला तिच्या तोंडातून पाणी आलं आणि त्याबरोबर मका आला, आणि ती रडायला लागली, आणि एवढं घाणेरडं आणि एवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

बाबा जिन्यावरून उतरत होते. कठडा धरून, पायरी चाचपत. आता ते मला दिसत होतं, आधी का नाही दिसलं? चेहरा लालबुंद.

"मगरीला कोणी हात लावला?"

"मी," मी म्हटलं.

"तू? माझी पोरगी असून? शिकवलंय ना मी? हात का नाही वर केला?"

दार्लान, ज्याला कधी गप्प बसता येत नाही, अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, अकरा हात वर होते. मिरेलाचा बारावा."

बाबा आमच्या दिशेने निघाले आणि डाव्या हाताला भिंतीशी ती लाल बादली ठेवलेली होती. त्यांचा पाय सरळ तिच्यात गेला. बादली खडखडत फरशीवरून गेली आणि पाण्यात पडली. दार्लानने बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत, तीन आठवड्यांपूर्वीची, मला उतरताना दिसली.

*

संध्याकाळी सहा वाजता आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. भात, घेवडा, अंडी. कोणी खात नव्हतं. टेबलावर सोलांजेबाईंचा फॉर्म होता. बटण दाबणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात भरायचा, उद्या सकाळपर्यंत. तीन प्रश्न. बटण कोणी दाबलं? का दाबलं? आणि तिसरा, हा धोका त्याआधी कोणाच्या लक्षात आला होता का, आला असल्यास कधी?

"पहिल्या दोन्हींचं खरं खरं लिही," बाबा म्हणाले. "दोरी अडकली, बटण दाबलं. शाब्बास. जाळीचा गज वाकडा होता, तो बदलतील. तिसऱ्याला 'नाही' लिही."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

आईने डाव उचलला आणि परत ठेवला. आई तळ्यावर फाटलेले सूट सांधते. तिची नजर इतकी बारीक की टाचणीएवढं भोक सापडतं. तिला माहीत होतं. ते तिच्या हाताकडे बघून मला कळलं.

"कार्निव्हलपासून," बाबा म्हणाले. "डाव्या डोळ्यात. आधी माशी फिरल्यासारखं व्हायचं. मग पडदा. पण मी मान वळवतो ना. इकडे बघतो, तिकडे बघतो. आज उजवीकडे तो बारका पडला, मी तिकडे बघत होतो. पूर्वी दोन्हीकडे दिसायचं एकदम." मग म्हणाले, "त्या दिवशी बादली होती ना? डोक्यावर?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आज पाय गेला तेव्हा कळलं. पोरं कशाला एवढी हसली होती ते."

ते हसायला गेले. आधी खोकले. पण हसू आलं नाही.

"अगं, खोटं कुठे लिहायचंय?" आई म्हणाली. "एक 'नाही' लिहायचंय. डॉक्टरकडे मी नेते त्यांना, आता फरफटत नेते. पण ते कळायच्या आधीच तू त्यांना त्या खोलीतून खाली उतरवणार? दुसरं काय येतं गं त्यांना? परत उसात पाठवायचं, एका डोळ्याने?"

"आणि पुढच्या सोमवारी?"

"पुढच्या सोमवारी मी वर त्यांच्याशेजारी बसते. डावीकडे."

ती हे खरंच म्हणत होती. आणि मी सांगते, क्षणभर मला ते बरं वाटलं. किती सोपं. आई डावा डोळा, बाबा उजवा, माझी नळी शाबूत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मिरेला. तिला रात्रभर दवाखान्यात ठेवणार होते, छातीत पाणी राहू नये म्हणून. घशाची नुसती खरखर, शब्द तोडून तोडून. "तैना, माझी फळी तुटली का? आणि घोट्याला सात टाके पडले, दार्लानला सांग, त्याचा पाचाचा विक्रम गेला." मग, "ऐक ना. त्या दिवशी तू मला उजवीकडे ये म्हणत होतीस. का गं म्हणत होतीस?"

"तुला लगेच परत फोन करते," म्हणून मी ठेवला. फोन स्पीकरवर होता, आईने ऐकलं. बाबांनीही ऐकलं. घड्याळ नव्हतं तरी मी मोजत होते. आठ सेकंद. आठ सेकंद. मिरेला ते विचारणं सोडून देईल, माफ करेल, किंवा आयुष्यभर बोलणार नाही, मला काही कळत नव्हतं. सोमवार जाणार. सगळ्यांचेच, दार्लानचाही, त्या उजवीकडच्या बारक्याचाही, आणि सगळे म्हणणार, तैनारामुळे. बाबा त्या काचेत परत कधी बसणार नाहीत. बाबा माझ्याकडे बघत होते, मान डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याने. मी खुर्ची सरकवून त्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना मी नीट दिसावी.

"आई, बाबा, ऐका," मी म्हटलं. आवाज घशात राहिला नाही. "आधी मी मिरेलाला परत फोन करणार आहे, आत्ता, इथेच, तुमच्यासमोर, आणि का म्हणत होते ते सांगणार आहे. मग तिसऱ्या प्रश्नाला 'हो' लिहिणार आहे. तारीख घालून. बादलीपासून सगळं लिहिणार आहे, आणि मला माहीत होतं तरी मी चार लाटा हात वर धरून उभी राहिले, हेसुद्धा."